फोटोखाली दोन शब्द

आमच्या ऑफिसात कोणी नवा फोन घेतला, की तो आधी गुलाबरावांच्या टेबलावर हजर करावा लागे. ते हात पुढे करायचे, फोन तळहातावर तोलायचे, नखाने त्याची पाठ वाजवायचे, कडेची बटनं चाचपायचे आणि मग फोन बंद असला तरी तो कानाला लावायचे. मालक कौतुकाने सांगत असायचा, कॅमेरा असा आहे, काच अशी आहे. गुलाबराव ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "दाखवू नका बाप्पा. बोलून दाखवा."

मी घेतलेला पहिला टचस्क्रीन फोन त्यांनी असाच हातात घेतला होता. काचेवरून वरून खाली अंगठा फिरवला, पुन्हा वर नेला आणि मला परत दिला. "वंदनाबाई, हा फोन नाई. हा आरसा हाये. तुमाले छान हाये. मले याच्यात काय दिसन?" मला रागच आला होता. दिवाळीचा फोन, सगळ्या खात्याने कौतुक केलेला, आणि याने त्याचा आरसा करून टाकला. पण त्यानंतर मी त्या काचेकडे पाहिलं की मला त्यांचा अंगठा आठवायचा.

गुलाबराव वणीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. लहानपणी गोवरात त्यांचे डोळे गेले. पुढे अंधशाळेत शिकले, आणि ऑफिसात आले ते थेट फोनच्या बोर्डापाशी बसले. कोणत्याही टेबलावरून नऊ दाबलं की पलीकडे त्यांचा आवाज यायचा, म्हणून सगळे त्यांना मागे 'नऊ नंबर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. मी आवक-जावक विभागात. त्यांच्या खोलीच्या आणि माझ्या टेबलाच्या मध्ये नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडत राहिलं आणि माझं त्यांच्या.

अंध माणूस म्हटलं की लोक उगाच त्याला साधूसंत करून ठेवतात. गुलाबराव तसले मुळीच नव्हते. चहा कोमट आला तर कँटीनवाल्याचा उद्धार व्हायचा. न विचारता कोणी हात धरून रस्ता ओलांडून दिला, की पलीकडे पोहोचल्यावर त्या भल्या माणसाला ऐकावं लागे, "मी तुमाले रस्ता इचारला का?" आणि चौकसपणा तर असा, की कोणत्या साहेबाच्या घरून दिवसातून किती वेळा फोन येतो याचा अंदाज फक्त त्यांना असे. ते सांगायचे मात्र कोणाला नाहीत. ऑपरेटरचा धर्म ते एका वाक्यात सांगत: "लाइन जोडून द्याची अन् आपला कान काढून घ्याचा." कान ते पूर्ण काढून घेत होते यावर माझा कधीच विश्वास बसला नाही, पण गोष्ट बाहेर गेली नाही हेही खरं.

त्यांचा स्वतःचा फोन तेव्हा बटनांचा होता. नागपूरच्या एका अंध मित्राने त्यात बोलणारं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. बटन दाबलं की आत एक गोरा माणूस घाईघाईने इंग्रजीत बोलायचा. गुलाबराव त्याला 'साहेब' म्हणायचे. "थांबा, साहेब काय म्हनते पाहू," म्हणून फोन कानाला लावायचे. आमची नावं तो साहेब अशी काही उच्चारायचा की आम्हाला ती ओळखू यायची नाहीत, पण गुलाबरावांना त्याची सवय झाली होती. त्या फोनमध्ये निरोपांचं ते हिरवं ॲपही चालायचं, जे तोवर सगळ्यांच्याच फोनमध्ये आलं होतं.

आणि त्या ॲपवर त्यांची बहीण बोलायची. शांताबाई फुलसावंगीला दिलेली. घरात फोनला रेंज नाही, शेतातल्या विहिरीच्या कठड्यापाशी मात्र येते. लिहिण्यावाचण्याशी तिचं फारसं जमत नसे. मग ती विहिरीपाशी उभी राहून फोनमध्ये बोलायची, आणि रेंज लागली की तो आवाज वणीला यायचा. गुलाबराव एका कानात इअरफोन घालून ऑफिसामागच्या कडुनिंबाखाली जायचे आणि भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. तेवढा वेळ खाणीचा मोठा साहेब आला तरी त्यांना कोणी हाक मारत नसे. मुलगा नि सून चांगली होती त्यांची, पण बहिणीचा निरोप त्यांनी घरातही कधी उघड्यावर लावला नाही. "शांतानं मले सांगतलं. तिसऱ्याच्या कानाचं नाई ते," म्हणायचे.

मग एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. "बाई, साहेबानं आज मले नोटीस देल्ली." नव्या वर्षापासून ते हिरवं ॲप जुन्या बटनांच्या फोनवर चालणार नाही, असा निरोप ॲपमध्येच आला होता आणि तो बिचाऱ्या साहेबानेच त्यांना वाचून दाखवला होता. मुलगा म्हणाला, बाबा, टचचा घेऊन टाकू, आम्ही वाचून दाखवत जाऊ. गुलाबराव हे सांगून मला म्हणाले, "वाचून दाखवतीन, माहीत हाये. मले तेच नको हाये."

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये जे झालं ते वणीत पूर्वी झालं नसावं. गुलाबरावांनी ज्याचा-त्याचा फोन मागून घेतला. सर्व्हे विभागातल्या एकाचा विंडोजवाला, खाण इंजिनिअरचा आयफोन, आणि बाकी आम्हा सगळ्यांचे तऱ्हेतऱ्हेचे अँड्रॉइड. प्रत्येकाला सांगितलं, सेटिंगमध्ये जा, बोलणारा आवाज कुठं आहे शोधा आणि चालू करा. आपला फोन बोलू शकतो हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने टेबलावर सगळेच फोन एकदम बोलू लागले आणि चहावाला किटली घेऊन दारातच थांबला.

गुलाबराव एकेक उचलत, कानाशी नेत, बोटं फिरवत. इंजिनिअरचा फोन त्यांनी बराच वेळ ऐकला. मग जपून परत दिला. "हा बराबर बोलते. पन आपल्या सोयरिकीतला नाई." विंडोजवाल्याबद्दल म्हणाले, "घर मोठं हाये, पन गावात दुकानंच नाईत." त्यांना हवी होती ती ॲप्स त्या फोनसाठी कोणी फारशी बनवतच नव्हतं. अँड्रॉइडवर ते रेंगाळले. बोट पडलं की तो नाव सांगायचा, दोनदा ठोकलं की दार उघडायचं. "आधी नाव सांगते, मंग आत घेते. मानसानं असंच असावं." पण ॲपमध्ये शिरल्यावर काही ठिकाणी बोट पडलं की तो नुसता म्हणायचा, बटन. पुढे सरकावं तर पुन्हा बटन. कशाचं बटन ते सांगायला ॲप बनवणारा विसरला होता. गुलाबराव हसले. "घर चांगलं हाये. भाडेकरू मुके हायेत."

मला खरंच कुतूहल वाटलं. मी विचारलं, ॲप एकच, मग एका फोनवर चालतं, दुसऱ्यावर बोलत नाही आणि तिसऱ्यावर बंद पडतं, असं का? त्यांनी कप खाली ठेवला. "कापूस तोच असते, बाई. पन यवतमाळच्या शकुंतलेचा डबा मोठ्या लाइनीवर चालते काय? मूर्तिजापूरले माल उतरवा, दुसऱ्या डब्यात भरा. तसंच हाये हे. दर लाइनीसाठी येगळा डबा बनवा लागते. अन् ज्या लाइनीवर सवाऱ्या कमी, तिच्यासाठी कोनी डबा बनवत नाई." शकुंतला म्हणजे आमची लहान रुळांची गाडी. मी तिच्यात बसले होते, पण फोनमध्ये ती मला कधी दिसली नव्हती.

शेवटी त्यांनी अँड्रॉइड घेतला आणि नव्या फोनशी त्यांचं भांडण सुरू झालं. प्लायवूडच्या भिंतीपलीकडून मला दिवसभर ऐकू यायचं, बटन, बटन, बटन, आणि मधेच एखादा वऱ्हाडी शब्द जो इथे लिहिता येणार नाही. बोलून मजकूर लिहिणं त्यांना लवकर जमलं. फोटोंचं मात्र काही जमेना. आमच्या ऑफिसच्या गटावर सकाळ झाली की फोटोच फोटो. उगवता सूर्य, गुलाबाची फुलं, सुविचार, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीचे फलक. त्यावरची अक्षरंही चित्राचाच भाग असायची. फोन त्यांना एवढंच सांगायचा, अमक्याने फोटो पाठवला.

त्यातच बावण्यांचं प्रकरण घडलं. बावणे आमचे स्टोअरकीपर. शिस्तीचे आणि अबोल. त्यांच्या मुलीची सोयरीक जमत आल्याचं गुलाबरावांना फोनवरच्या बोलण्यातून कळलेलं होतं. एके सकाळी गटावर आवाज आला, बावणे, फोटो. गुलाबरावांनी कोणाच्याही आधी बोलून लिहून टाकलं, "अभिनंदन. आता पेढे पाहिजेत." फोटो होता बावण्यांच्या वडिलांच्या निधनाचा.

त्याखाली जेव्हा एकामागून एक श्रद्धांजल्या ऐकू येऊ लागल्या तेव्हा गुलाबरावांना कळलं. ते तसेच उठून बावण्यांच्या घरी गेले. बावण्यांनी तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवलेलं गुलाबरावांना दिसलं नाही, म्हणून ते बराच वेळ त्यांच्यापुढे माफी मागत उभे राहिले. हे मी स्वतः पाहिलं आहे. तेरवीनंतर बावणे ऑफिसात आले, पण नऊ दाबायचं त्यांनी सोडून दिलं. कोणाशी काम असेल तर उन्हातून चालत जात.

तेव्हापासून गुलाबरावांनी स्वतःसाठी एक नियम केला. "फोटो आला की पयल्यानं बोलू नाई. दुसरा काय म्हनते ते आयकाचं, मंग रडाचं का हसाचं ते ठरवाचं." गटावर त्यांनी एक विनंतीही लिहिली: फोटोखाली दोन शब्द लिहीत जा, म्हणजे मलाही कळेल. सगळ्यांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उगवते सूर्य आले, आणि एकाखालीही अक्षर नव्हतं.

ते बोंडअळीचं साल होतं. वणीच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, पण बोंडं फोडली की आत अळी, असं जो तो सांगायचा. शांताबाईंचे यजमान माधवराव त्या हंगामात गप्प झाले होते. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते गप्प. गुलाबरावांनी फोन केला तर 'हं' म्हणून ठेवून द्यायचे. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षांत माणूस असा गप्प झाला की त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा आणि तो कोणी बोलून दाखवायचं नाही. शांताबाई घरात बोलू शकत नव्हत्या. त्या विहिरीपाशी जाऊन भावाशी बोलत होत्या.

आणि नेमकं तेव्हा ॲप नवं झालं. रात्रीतून त्यातली, बोटांना पाठ झालेली बटनं इकडची तिकडे गेली. सकाळी शांताबाईंचा निरोप आलेला होता. आलाय हे फोन सांगत होता, उघडायचा कुठून ते सांगत नव्हता. गुलाबराव दाबत होते ते प्रत्येक बटन भलतंच निघत होतं. एकदा कॅमेरा उघडला, एकदा नागपूरच्या मित्राला फोन लागला. शांताबाईंना लावला तर आवाक्याबाहेर. मी जाऊन म्हटलं, आणा इकडे, मी लावून देते. त्यांनी फोन मुठीत धरला.

"तुमी दाबसान तं तुमाले आयकू येईन."

मी कान झाकून घेईन म्हणाले.

"तुमी झाकसान, बाई. उद्या दुसरा असन, तो काहून झाकन? अन् शांताले जर समजलं का माया फोन लोकं उघडते, तं ते बोलनं बंद करन. मंग मले काई समजन का तिथं काय चालू हाये?" बोलताना त्यांचा आवाज हलला. इतक्या वर्षांत मी तो हललेला ऐकला नव्हता.

मी तिथून निघाले ती थेट स्टोअरमध्ये गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. बावण्यांच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणावर, प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी असायची, नटबोल्टपासून झाडूपर्यंत. ते पाहूनच डोक्यात आलं असावं. गुलाबराव मला एकदा म्हणाले होते की मुक्या बटनाला आपलं नाव देता येतं, फोनमध्ये तशी सोय आहे, पण ते बटन कशाचं आहे हे आधी डोळ्यांनी पाहावं लागतं. मी बावण्यांना सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तुमच्या वडिलांचा फोटो त्यांना दिसला नव्हता हो, फोन नुसता 'फोटो' म्हणाला होता. बावण्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "मले वाटलं, त्याले फोनमधलं सगळंच आयकू येते," ते म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत बावणे चष्मा पुसत फोनच्या खोलीत आले. आले ते माफीबिफीचं काही बोलले नाहीत. खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बिननावाची वस्तू माया स्टोअरात राहत नाई. आना फोन." आणि त्यांनी त्या ॲपच्या एकेका बटनाला नाव द्यायला घेतलं. नावं अर्थात त्यांच्या पद्धतीची. निरोप ऐकायच्या बटनाला 'माल उघडा', बोलायच्या बटनाला 'माल भरा', पाठवायच्या बटनाला 'माल रवाना'. पुसून टाकायच्या बटनाला 'सावध'. कोणताही निरोप उघडून न ऐकता त्यांनी काम पुरं केलं आणि फोन गुलाबरावांच्या हातात ठेवला. गुलाबरावांनी काचेवर बोट फिरवलं. फोन गंभीरपणे म्हणाला, माल उघडा. दोघंही हसले नाहीत, पण बावण्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गुलाबराव इअरफोन घेऊन कडुनिंबाखाली गेले.

शांताबाई काय बोलल्या ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलं नाही. गुलाबराव आत आले ते रजेचा अर्ज सांगतच, आणि संध्याकाळच्या गाडीने यवतमाळमार्गे फुलसावंगीला गेले. कोणी सोबत येतो म्हणालं तर नेहमीसारखेच खेकसले. परतले तेव्हा त्यांच्याबरोबर माधवराव होते. उंच, वाकलेला, पायाच्या बोटांकडे पाहणारा माणूस. "जवायाले घेऊन आलो," एवढंच गुलाबराव म्हणाले. आमच्याकडे बहिणीचा नवराही जवाईच.

पुढचे काही महिने माधवराव वणीलाच राहिले. गुलाबरावांनी त्यांना कसलाही उपदेश केला नाही, की पिकाचं काही विचारलं नाही. ऑफिसात सोबत आणायचे, शेजारी बसवायचे, आणि गटावर फोटो आला की फोन त्यांच्यापुढे धरायचे. "जवाई, काय हाये याच्यात?" माधवराव पहिल्या दिवशी म्हणाले, "सूर्य." गुलाबरावांनी विचारलं, उगवते का बुडते? माधवरावांना पुन्हा पाहावं लागलं. कसा सूर्य, झाडं कोणती, शेत आहे का, शेतात काय उभं आहे, प्रश्न संपायचेच नाहीत. बहिणीचा निरोप त्यांनी कोणाच्या बोटाला लागू दिला नाही, फोटो मात्र सगळे जावयाच्या हवाली केले. भिंतीपलीकडून मी ऐकायचे. आधी एक शब्द, मग दोन, मग वाक्यं येऊ लागली. एकदा माधवराव एका सूर्योदयावर चिडून म्हणाले, "अवो भाऊ, हा कालचाच हाये, लोकाईले नवीन भेटत नाई काय?" मी माझं काम थांबवून ते ऐकलं.

मी नंतर विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? म्हणाले, "सुचलं काई नाई. फोटो मुका, जवाई मुका. दोघाईले एकमेकाच्या कामाले लावलं." फुलसावंगीला परत जाताना त्यांनी माधवरावांना आमच्या गटात घालून दिलं. तिकडूनही ते विहिरीपाशी जाऊन, गटावर आलेल्या फोटोत काय आहे ते गुलाबरावांना बोलून पाठवायचे. ॲप नवं झालं आणि नावं गळून पडली की बावणे चष्मा पुसत येत आणि पुन्हा चिठ्ठ्या लावून जात. ते आता नऊ दाबू लागले होते.

गुलाबराव निवृत्त झाले, बोर्डाच्या जागी यंत्र बसलं, नऊ दाबलं की एक मुलगी इंग्रजीत थांबायला सांगू लागली. त्यांना मी भेटत राहिले. नवीन कोणता फोन आला, त्यात कोणता आवाज आहे, मराठी बोलतो का, ळ म्हणतो का, हे शेवटपर्यंत विचारत होते. ते झोपेत गेले. आदल्या संध्याकाळी सुनेच्या नव्या फोनची पाठ वाजवून पाहिली होती म्हणे.

सकाळी गटावर त्यांच्या मुलाने त्यांच्याच फोनवरून फोटो पाठवला. पांढरी टोपी, भोवती फुलांची चौकट, खाली अक्षरं चित्रातच. मी पाहत बसले. गटावर कोणी काही लिहीना. एरवी श्रद्धांजल्यांची रांग लागते, पण त्या दिवशी कोणालाच पहिल्याने बोलवेना. बऱ्याच वेळाने एक आवाज आला, फुलसावंगीहून.

मी तो टेबलावर ऐकला नाही. इअरफोन घेतला, कडुनिंबाखाली गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि ऐकला. मागे मोटारीचा आवाज होता, विहिरीतून पाणी पडत होतं.

"भाऊ, फोटो आला. तुमचा हाये. टोपी घातली हाये पांढरी. हसून राह्यले तुमी."